रांजणाची जागा

शिरूर अनंतपाळ, ६ मार्च २०१६

आज दारातल्या रांजणावर पाळत ठेवली. घरातच माझं दाखल्यांचं सेवा केंद्र आहे, त्याच्या खिडकीतून तो नीट दिसतो. माझा संशय खरा निघाला. पाणी पिण्यानं संपत नाही, चोरीनं संपतं. एकानं तोंड धुतलं, एकानं मोटारसायकलवरची बाटली भरून घेतली. एक महाभाग तर रुमाल भिजवून डोक्याला बांधून गेला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी पोत्यावर बसून हे सगळं हसऱ्या चेहऱ्यानं बघत होत्या. वर त्याला म्हणतात, "बांध बाबा, ऊन लई हाय."

टँकर मनात येईल तेव्हा येतो. घरात भांडी मी राखेनं घासते. आणि दारात हे धर्मादाय चाललंय. दाखले, फॉर्म, झेरॉक्स करून घर चालवते ती मी. ह्यांचा एस.टी.तला पगार आहे, पण तो कुठं जातो ते त्यांच्या कंडक्टरच्या बॅगेलाच ठाऊक.

ह्यांना सांगितलं, रांजण काढायचा. हे म्हणाले, "आईला विचार." विचारणार नाही.

९ मार्च

रांजण काढला. आत्याबाई पारावर गेल्या होत्या तेवढ्यात ह्यांच्याकडून उचलून घेतला आणि स्वयंपाकघरात नेऊन वर झाकण घालून कुलूप लावलं. बाहेर तिवईखालची माती कायम ओली असल्यानं काळी पडली होती. तिथं एक गंजकी लोखंडी नळी वीतभर वर आलेली निघाली. किशनराव पाटील नेमके दाखल्याचं विचारायला आले आणि तिला ठेचाळले. त्यांनी नळीला आणि मला, दोघींनाही नावं ठेवली. मग नळीवर शहाबादी फरशी टाकून घेतली. आता कसं स्वच्छ दिसतं.

आत्याबाई परत आल्या, त्या जागेकडं बघत उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. न बोलणारं माणूस काय करील सांगता येत नाही.

१४ मार्च

श्वास घ्यायला उसंत नाही. गावात पुन्हा उठलंय की नवा जिल्हा होणार आणि आपला तालुका लातुरातून काढून तिकडं जोडणार. कुणी म्हणतं दिवाळीत, कुणी म्हणतं ठरलंसुद्धा. खरं खोटं कुणाला माहीत नाही, पण सगळ्यांना जुन्या जिल्ह्याच्या नावाचे दाखले आताच हवेत. रहिवासी, जात, उत्पन्न. किशनराव स्टुलावर बसून म्हणाले, "चांगुणाबाई, मरताना कंच्या जिल्ह्यात मरावं ते तरी कळू द्या."

पाणी मागितलं. मी म्हटलं, हॉटेलात मिळंल. म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. उतरू दे.

१७ मार्च

कॉम्प्युटर बंद पडला. म्हणजे बंद नाही, गोठला. प्रिंटर सुरू झाला तशी पडद्यावरची बाण-खूण थिजली, माऊस हलवला तरी हलेना. बटण दाबून पुन्हा चालू केला, चालला. चार वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं.

२० मार्च

सकाळी आत्याबाई आपणहून बोलल्या. रांजण काढल्यापासून पहिल्यांदाच. "आज चवदार तळ्याचा दिस हाय. येका दिवसासाठी तरी रांजण बाहेर ठिव."

मी म्हटलं, टँकर आला तर बघू. मग त्यांची नेहमीची गोष्ट सुरू झाली. लहानपणी विहिरीपासून लांब घागर घेऊन बसायचं, वरच्या आळीतली कुणी बाई येईल, तिला दया आली तर ती वरून पाणी ओतणार, नाही तर ऊन डोक्यावर येईपर्यंत तसंच. "अन् आता त्याच घरातला किशनराव माझ्या हातचं पेला भरभरून पेतो." ही गोष्ट कितव्यांदा ऐकली देव जाणे. मी फॉर्म भरत होते. हूं हूं केलं.

त्या जाता जाता खाली ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात टेकून उठल्या आणि हात झटकला. "ह्याला हात लावला की मुंग्या येतात गं." मी म्हटलं, मग लावू नका ना हात! मी दिवसभर हाताळते, मला नाही येत मुंग्या.

त्यानंतर मशीन दोनदा गोठलं आणि एकदा आपोआप बंद होऊन सुरू झालं. रांजणाला नाही म्हटलं त्याच दिवशी. मी काही दूधखुळी नाही.

२३ मार्च

सिद्धलिंगला फोन. लातूरला त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, मशीन त्यानंच बसवून दिलेलं. त्यानं फोनवर डॉक्टरासारखं विचारलं. कधी गोठतं? प्रिंटर चालताना की एरवीही? पंखा फिरतो का? अर्थिंग आहे ना? मी म्हटलं, सगळं आहे, केंद्र सुरू करताना वायरमननं करून दिलंय. मग म्हणाला, धुळीचे दिवस आहेत, रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबरनं पुसा. पुसल्या. तासभर चाललं आणि पुन्हा गोठलं.

रेशनकार्डाचं विचारायला किशनराव आले होते. त्यांचा गुडघा कॅबिनेटला लागला की त्यांना "चमका" येतात म्हणे. सत्तरीच्या गुडघ्यात चमका नाही येणार तर काय येणार? पण आत्याबाईंनी पारावर काय काय सांगितलंय कुणास ठाऊक. दोघांना एकच दुखणं कसं होतं?

२५ मार्च

कॅबिनेट शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन लातूरला गेले. शेजारच्या बाईला वाटलं लेकरू आहे. तिनं शाल बाजूला करून बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसत बसली.

लातूर ओळखू येत नाही. जिथं बघावं तिथं घागरींची रांग, टाकीपाशी पोलीस. सिद्धलिंगनं मशीन उघडलं, धूळ फुंकली, वीजपुरवठ्याचा डबा बदलून बघितला, हार्डडिस्क तपासली. एकेक गोष्ट बदलायची आणि थांबायचं, अशी त्याची पद्धत. दिवसभर मशीन त्याच्या टेबलावर घोड्यासारखं चाललं. प्रिंटर लावून ढीगभर कागद काढले तरी गोठलं नाही.

शेवटी म्हणाला, "ताई, मशीनमध्ये काही नाही. जे आहे ते तुमच्या घरात आहे."

परतीच्या गाडीत हे वाक्य डोक्यातून जाईना. परका माणूस, त्याला एका दिवसात कळलं.

२६ मार्च

घरी जोडलं. दहा मिनिटांत गोठलं.

२८ मार्च

केंद्र बंद करताना कॅबिनेटभोवती आणि प्लगपाशी ज्वारीचं पीठ भुरभुरून ठेवलं होतं. पाऊल उमटेल म्हणून. सकाळी बघते तर पीठच नाही, जागा लख्ख झाडलेली. विचारलं तर आत्याबाई म्हणतात, "पीठ सांडलं व्हतं, उंदीर यील म्हणून झाडलं."

पुरावा नाहीसा करायला यापेक्षा चांगलं कारण कुणाला सुचणार नाही.

३१ मार्च

आता माझी खात्री झाली. सगळं लिहून ठेवते.

परवा टँकर आला. आपल्याच दारासमोर थांबला. त्याची नळी फुटकी, माणसं भांडण्यात दंग, पाणी आपल्या फरशीवरून वाहत गेलं. मी ओरडून ओरडून दमले, कुणी ऐकेना. आत्याबाई सकाळपासून घागरी घेऊन रांगेत, मग शेजारच्या भागाबाईचं भरून दे, कुणाचं उचलून दे. दुपार त्यातच गेली. काल दिवसभर कंबर धरून झोपून होत्या.

आणि या दोन्ही दिवसांत मशीन एकदाही गोठलं नाही! प्रिंटर सुरू, अंगठ्याचं मशीन सुरू, सगळं सुरू.

आत्याबाई मशीनपासून लांब होत्या तेव्हा मशीन ठीक होतं. आणखी काय पाहिजे? ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "आईला चालू-बंदचं बटणही माहीत नाही." त्यांचीच आई, तेच म्हणणार.

३ एप्रिल

मशीन पुन्हा गोठलं आणि मी बोलले. बोलू नये तेवढं बोलले. केंद्रात माणसं होती. किशनरावांचा फॉर्म अर्धा भरून झाला होता, तो गेला. मी आत जाऊन विचारलं, "आत्याबाई, रांजणाचा राग मशीनवर काढता का? काय करता तुम्ही त्याला?"

त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला. "म्या? म्या काय करून राहिले गं?"

"तुम्ही जवळ असलात की बंद पडतं. नसलात की चालतं."

तव्यावरची भाकरी करपली तरी उलटली नाही. मग एवढंच म्हणाल्या, "मंग म्या नसलेलं बरं."

दुपारी पिशवी भरून ओट्यावर बसल्या होत्या. हे उद्या लातूर–नांदेड गाडीवर आहेत, लोह्याला लेकीकडं सोडतील. हे माझ्याशी बोलत नाहीत.

मला वाईट वाटतंय. पण लेकीकडं म्हणजे काही परक्याकडं नाही. आणि मशीन चाललं की सगळ्यांनाच पटेल.

४ एप्रिल

त्या गेल्या. सकाळी एकदाच गोठलं. जुनी सवय असेल.

६ एप्रिल

काल तीनदा. आज मोजायचंच सोडलं.

घरात मी एकटी आहे. मग कोण? किशनरावांच्या पुतण्याचं स्टँडजवळ केंद्र आहे आणि किशनराव रोज इथं येऊन बसतात. काम असो नसो. सिद्धलिंगवरही डोळा ठेवला पाहिजे. मशीन दुरुस्त झालं तर त्याचं दुकान कसं चालणार? त्याच्याकडं चालतं आणि माझ्याकडं बंद पडतं, हे काय गौडबंगाल आहे?

ह्यांच्यावरही संशय येतो. रात्रीच्या गाडीवर नसताना हे कुठं... पण जाऊ दे. ह्यांना मेल्या माउसाची शेपटी कोणती तेही कळत नाही.

घर फार मोकळं वाटतं. पोतं अजून ओट्यावरच पडलंय. मी उचललेलं नाही, उगीच.

८ एप्रिल

चपलेचा अंगठा तुटला. केंद्रात मी कायम रबरी चप्पल घालते, माझ्या टाचा भेगाळतात म्हणून. लोक दारात चपला काढून अनवाणी येतात, मी तेवढी चप्पल घालून बसते. त्यावरून आत्याबाई मला साहेब म्हणायच्या.

तर चप्पल बाजूला टाकून अनवाणी खाली बसले आणि मागची वायर दाबायला कॅबिनेटला हात लावला. हातभर मुंग्या. भरभरून, कोपरापर्यंत. हात झटकला. परत लावला, परत तेच. चप्पल एका पायात घालून, दुसरा पाय उचलून धरला आणि हात लावला. काही नाही. पाय टेकवला, मुंग्या.

मी तिथंच फरशीवर बसून राहिले. त्या खोटं बोलत नव्हत्या. किशनरावांचा गुडघाही खोटं बोलत नव्हता. सगळं गाव अनवाणी येऊन मला सांगत होतं आणि मी चपलेत बसून गुन्हेगार शोधत होते.

सिद्धलिंगला फोन केला. त्याचा आवाजच बदलला. "ताई, कशाला हात लावू नका. प्लग काढून ठेवा. मी उद्या येतो. आणि ते अर्थिंग कुठं आहे, तेवढं शोधून ठेवा."

कुठं आहे ते मला माहीतच नव्हतं. वायरमननं केलंय, एवढंच माहीत होतं.

९ एप्रिल

सिद्धलिंग भिंतीवरच्या वायरीमागं जात जात दाराबाहेर आला. वायर भिंतीतून उतरून शहाबादी फरशीखाली गेलेली. फरशी उचलली. ती गंजकी नळी.

"ह्यातून पाणी घालायचं असतं," तो म्हणाला. "खाली पत्रा पुरलेला असतो, भोवती कोळसा आणि मीठ. जमीन ओली असली तरच मशीनमधली चुकार वीज खाली जाते. कोरडी पडली की ती वीज कॅबिनेटवरच राहते. मग मुंग्या येतात, प्रिंटर चालू झाला की मशीन गोठतं. वायरमन बोलला नव्हता का?"

बोलला होता. आता आठवलं. केंद्र उघडलं त्या दिवशी पेढे वाटताना तो म्हणाला होता, वहिनी, उन्हाळ्यात इथं रोज बादलीभर पाणी. मी हो हो म्हटलं होतं. कधी एक थेंब घातला नाही. आणि चार वर्षं काही बिघडलं नाही, कारण त्याच्यावर रांजण होता. रांजण रात्रंदिवस पाझरायचा. लोक पेल्यात उरलेलं पाणी तिथंच टाकायचे. तो बापडा रुमाल भिजवून गेला, त्याचंही पिळलेलं पाणी तिथंच पडलं असेल. टँकरची नळी गळत होती त्या दिवशीही पाणी तिथूनच वाहत गेलं होतं, म्हणून मशीन दोन दिवस चाललं. आणि मी काय काय जोडलं!

सिद्धलिंगनं बल्बची एक वायर विजेला आणि एक अर्थिंगला लावली. बल्बची तार नुसती लालसर झाली, राखेतल्या विस्तवासारखी. म्हणाला, पाणी आणा.

घरात पाणी होतं ते रांजणातच. मी कुलूप काढलं, बादली भरली आणि नळीत ओतत राहिले. जमीन पीत गेली. आणखी एक बादली. बल्ब पिवळा झाला, मग हळूहळू भरत आला आणि सगळा ओटा उजळला.

सिद्धलिंग खूश झाला. मला रडू आलं. तो म्हणाला, "ताई, एवढं काय, झालं ना ठीक!"

११ एप्रिल

लोह्याला जाऊन आले. ह्यांच्याच गाडीनं. ह्यांनी माझं तिकीट फाडलं, इतर प्रवाशांसारखं. मीही पैसे मोजून दिले.

नणंदेनं चहा केला. आत्याबाई दाराशी बसल्या होत्या, बारीक झाल्यासारख्या वाटल्या. मी सगळं सांगितलं. नळी, कोळसा, मीठ, बल्ब. माझं चुकलं, तेही सांगितलं. मग म्हटलं, रांजण परत जागेवर ठेवते, चला घरी.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजी तुझ्या मशीनला तहान लागली म्हणून रांजण ठिवणार. माणसाला लागली व्हती तवा न्हाई."

नणंद म्हणाली, आई, जाऊ दे ना. त्या म्हणाल्या, "म्या कुठं काय म्हणून राहिले? मशीनसाठी ठिव की. मशीन बी तहानंलच. म्या इथं बरी हाय."

एकटीच परत आले. गाडीत हे शेजारी येऊन बसले. नव्या जिल्ह्याचं काय झालं म्हणून एक जण विचारत होता. हे म्हणाले, "आमचं घरच अजून ठरंना कुठं राहायचं ते."

१२ एप्रिल

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. दिवसभर टीव्हीवर तेच. लोक डब्यांना हात लावून बघतायत.

मी आजपासून अंघोळ परातीत बसून करते. ते पाणी बादलीत धरते आणि नळीत ओतते. साबणाचं चालतं का म्हणून सिद्धलिंगला विचारलं, तो हसला, म्हणाला जमिनीला काय, ओल पाहिजे. मशीन ठीक चाललंय. म्हणजे मशीनचा प्रश्न मिटला. त्याला रांजणाची गरज उरली नाही.

मग रांजण बाहेर काढला. आतून घासला, तिवई धुतली, आणि नळीपासून लांब, दाराच्या दुसऱ्या अंगाला ठेवला. तिथून एक थेंब मशीनच्या कामाचा नाही. माझ्या वाटणीचं पाणी त्यात ओतलं. पेला साखळीनं बांधणार होते, मग साखळी काढली.

दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. लोकांचा माझ्यावर भरवसा नाही. बरोबरच आहे, मी तरी कुठं कुणावर ठेवला? शेवटी किशनराव आले, रांजणाकडं आणि माझ्याकडं बघितलं. "प्यावं का?"

"प्या की."

पेलाभर प्याले. मग आणखी अर्धा. "सरजाबाई कुठंय?" मी म्हटलं, आत्याबाई लोह्याला. "मंग पाण्याला चव कुठून यील," म्हणाले आणि फॉर्म भरायला आत जाऊन बसले. त्यांच्या पुतण्याचं केंद्र स्टँडजवळच आहे, तरी. यावर मी विचार करणार नाही असं ठरवलंय.

१४ एप्रिल

आज जयंती. दरवर्षी मिरवणूक दारावरून जाते आणि आत्याबाई रांजणातून सगळ्यांना पाणी देतात. सकाळी रांजण काठोकाठ भरला, पांढरी साडी नेसले आणि पेला घेऊन उभी राहिले. त्यांच्या पोत्यावर बसायचा धीर झाला नाही.

मिरवणुकीच्या आधी हे आले. मागं आत्याबाई, पांढऱ्या साडीत, हातात पिशवी. ह्यांनीच सांगितलं, किशनरावांनी फोन केला होता लोह्याला. काय म्हणाले कुणास ठाऊक.

आत्याबाई ओट्यावर चढल्या. आधी जुन्या जागेकडं बघितलं. तिथं नळी उघडी, भोवती ओल. मग दाराच्या या अंगाच्या रांजणाकडं. मग माझ्याकडं. म्हाताऱ्या डोळ्यांना सगळं दिसतं. मी पेला भरून पुढं केला. त्यांनी घेतला, सावकाश प्यायल्या, आणि रांजणाला हात लावून बघितला.

"चांगुणे," म्हणाल्या, "हितं दिवसभर ऊन येतंय. पाणी कढत झालंय. कुणाला पाजती असलं?"

मी म्हटलं, मग कुठं ठेवू?

"जुन्याच जागी. तिथं लिंबाची सावली हाय."

"पण तिथं ती नळी..."

"असू दे की. तिलाबी घोटभर."

ढोल जवळ येत होते. आम्ही दोघींनी रांजण दोन बाजूंनी धरला आणि तिरका करत करत, पाणी हिंदकळत, पलीकडं नेला. माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. ह्यांनी मदतीला हात पुढं केला तर आत्याबाई म्हणाल्या, सर बाजूला, आमचं चाललंय.